उभ्या गाडीचा हिशेब

गाडी बंद पडते, टोइंगवाला ती गॅरेजात नेऊन सोडतो आणि दुसऱ्या दिवशी खर्चाचा कागद हातात पडला की बहुतेक घरांत बोलणे एकाच वळणावर येते : चारही टायर गेल्याच वर्षी घातले, बॅटरी नवी आहे, क्लचप्लेट आत्ताच बदलली, एवढे पैसे घातल्यावर ती आता भंगारात कशी द्यायची? ही हळहळ मला समजते, पण निर्णय घेताना ती बाजूला ठेवावी लागते. घातलेले पैसे गाडी दुरुस्त केली तरी परत मिळत नाहीत आणि विकली तरी मिळत नाहीत. टायर नवे असल्यामुळे गाडीच्या आजच्या किमतीत जी भर पडत असेल, तेवढेच त्यांचे मोल. माझी २०१३ सालची डिझेल हॅचबॅक यंदाच्या उन्हाळ्यात पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या पुढे तापून बंद पडली, तेव्हा दुरुस्ती, आहे तशी विक्री, सुटे भाग काढून विकणे आणि सरकारमान्य केंद्रात मोडीत देणे या चारही वाटांची मी चौकशी केली. ज्याच्याकडे स्वतःचा गाळा किंवा आवार नाही अशा मुंबईकराच्या बाबतीत हा निर्णय गाडीच्या किमतीपेक्षा दोन वेगळ्याच गोष्टींवर ठरतो, असे माझे मत त्यातून बनले. बंद गाडी उभी ठेवायला जागा किती काळ मिळते ही पहिली गोष्ट, आणि आरसीवरचे, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचे, आपले नाव कधी व कसे उतरते ही दुसरी.

आधी साधे गणित. आज बंद अवस्थेत गाडीला काय मिळेल, चालू स्थितीत ती कितीला जाईल आणि तिला चालू करायला किती खर्च येईल, हे तीन आकडे हातात असल्याखेरीज चर्चाच करू नये. माझ्या गाडीला बंद अवस्थेत सत्तर हजारांची मागणी आली. तशीच, तेवढीच चाललेली, चालू गाडी आमच्या भागात एक लाख नव्वद हजारांच्या आसपास जात होती. म्हणजे चालू आणि बंद यांतला फरक एक लाख वीस हजारांचा. अधिकृत सर्व्हिस सेंटरने दिलेले अंदाजपत्रक एक लाख पस्तीस हजारांचे होते आणि आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याचे सत्तर हजारांचे, ‘आत आणखी काही निघाले तर लाखापर्यंत जाईल’ अशा पुस्तीसह. एकाच गाडीला, एकाच दुखण्यासाठी, एका कागदावर दुरुस्ती आतबट्ट्याची ठरत होती आणि दुसऱ्यावर परवडणारी. त्यामुळे ‘अमुक वर्षांच्या गाडीला खर्च करू नये’ असे ठोकताळे मला फारसे उपयोगाचे वाटत नाहीत.

मात्र या फरकातून आणखी एक वजावट करावी लागते, तिच्याविषयी विकणारे बोलत नाहीत. दुरुस्त करून लगेच विकायची असेल, तर येणारा प्रत्येक गिऱ्हाईक ‘इंजिन खोललेले नाही ना?’ हा प्रश्न विचारतोच आणि खरे उत्तर दिले की किंमत खाली येते. काम कितीही चांगले झालेले असले तरी त्याच्या दृष्टीने ती उघडलेल्या इंजिनाची गाडी असते. म्हणून दुरुस्तीवर मोठा खर्च करायचा तो स्वतः वापरण्यासाठी; विकण्यासाठी इंजिनचे काम काढणे हा ज्याच्याकडे स्वतःचे कारागीर आहेत त्या व्यापाऱ्याचा धंदा आहे. आपली गाडी आपण ठेवणार असू, तर तुलना वेगळ्याच आकड्याशी करायला हवी. तिच्या जागी दोन लाखांत जी दुसरी जुनी गाडी येईल, तिचे दुखणे कुठे आहे हे आपल्याला माहीत नसते. आपल्या गाडीचे निदान तेवढे तरी माहीत असते.

आता निदानाविषयी, कारण सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे. माझ्या गाडीत कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, एक रबरी पाइप जोडाजवळ तडकला होता. पाणी हळूहळू गेले, काटा चढला आणि गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जास्त तापले. आजच्या बहुतेक गाड्यांचे सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवरचे झाकण, अॅल्युमिनियमचे असते आणि अॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या ब्लॉकपेक्षा जास्त फुगते. अशा वेळी हेड वाकडे होते आणि हेड व ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारे पातळ गॅस्केट जागोजाग सुटते. मग ज्वलनाचा दाब कूलंटमध्ये जातो, कूलंट ऑइलमध्ये उतरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि ऑइलची डिपस्टिक काढली तर दुधाळ चहासारखा फेस दिसतो. इथपर्यंतचे निदान बाहेरून होते. त्यापुढे नुकसान किती, हे हेड उतरवल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. जो सांगतो तो अंदाज सांगत असतो आणि अंदाज चुकला तर भुर्दंड त्याला नसतो.

आमचा मेकॅनिक मूळचा चिपळूणकडचा, बोलायला कमी. मी त्याला एकदम काम सुरू करायला सांगितले नाही. फक्त हेड उतरवून दाखवा, मजुरी घ्या, पुढचे नंतर ठरवू, असे म्हटले. तो म्हणाला, ‘काका, असं विचारणारे कमी. लोक एकतर पूर्ण करा म्हणतात, नाहीतर उचलून नेतात.’ हेड उतरवण्याची मजुरी आणि मशीन शॉपमध्ये ते तपासून घेण्याचे पैसे मिळून जो खर्च झाला, तो या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत वसूल झालेला खर्च वाटतो. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून किती वाक आला आहे ते मोजतात, पाण्याच्या दाबाखाली कुठे भेग आहे का ते पाहतात, आणि वाक मर्यादेत असेल तर पृष्ठभाग तासून सपाट करतात. त्यालाच हेड फेस करणे म्हणतात. डिझेल इंजिनात हे तासणे जपून करावे लागते, कारण तिथे दाबाचे प्रमाण मुळातच मोठे असते आणि हेड पातळ होण्याची मर्यादा कंपनीने ठरवून दिलेली असते. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे असतील तर मामला गॅस्केटवरून बोअर, पिस्टन आणि रिंगांपर्यंत, म्हणजे गॅरेजच्या भाषेत फुल इंजिनापर्यंत जातो आणि मग खर्चाला तळ उरत नाही. माझ्या गाडीच्या भिंती स्वच्छ निघाल्या. तशा त्या निघाल्या नसत्या, तर हा लेख वेगळ्या निष्कर्षावर आला असता.

विमा आपल्या मदतीला येईल असे अनेकांना वाटते. सर्वसाधारण मोटार पॉलिसी अपघात, आग, चोरी, पूर अशा घटनांसाठी असते. यांत्रिक बिघाड आणि झीज तिच्या कक्षेत नसते. पाइप तडकून इंजिन तापले, हा यांत्रिक बिघाड. त्यामुळे माझ्या बाबतीत विमा कंपनीशी बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

पाण्यात अडकलेल्या गाडीचे प्रकरण मात्र निराळे, आणि मुंबईत ते टाळता येत नाही. माझ्या आतेभावाची पेट्रोल सेडान दोन पावसाळ्यांपूर्वी सांताक्रूझच्या मिलन सबवेच्या उतारावर पाण्यात बंद पडली आणि त्याने, घाबरून, पुन्हा सेल्फ मारला. पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते, पाणी दाबले जात नाही. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना इंजिन फिरवले की पिस्टनला जोडणारे कनेक्टिंग रॉड वाकतात. पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेले इंजिनचे नुकसान मूळ पॉलिसीत साधारणपणे धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जादा कलम घ्यावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे तोंडपाठ असणाऱ्या शहरातले लोक थोडे पैसे वाचवायला ते कलम गाळतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. आतेभावाला सीट, गालिचे आणि वायरिंग यांचे पैसे मिळाले, तेही रबर, प्लास्टिक आणि बॅटरी यांवर अर्धा घसारा वजा करून. इंजिन त्याच्या अंगावर पडले. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमाकृत मूल्याच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला, तर कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते, पण ज्या खर्चाला संरक्षणच नाही तो त्या मापात बसत नाही.

त्याने ती गाडी दुरुस्त केली नाही आणि ते योग्यच झाले, असे मला वाटते. पाण्यात बुडालेल्या गाडीचे इंजिन बदलता येते, पण कनेक्टरांत शिरलेला ओलावा महिन्यांनी त्रास देऊ लागतो. आज खिडकी अडकते, उद्या एअरबॅगचा दिवा लागतो. गिऱ्हाईक म्हणून आला तो एक गॅरेजमालक. त्याच्याकडे त्याच मॉडेलच्या, मागून ठोकर बसलेल्या गाडीचे चांगले इंजिन पडून होते. दोन मोडक्या गाड्यांतून त्याने एक चालू गाडी उभी केली आणि त्याला ती परवडली, कारण त्याची मजुरी घरची होती. अशा गाडीत इंजिन बदलले की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो बदल आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. नव्या इंजिनाचा क्रमांक कागदावर नसेल तर गाडी रस्त्यावर बेकायदा ठरते. हे गॅरेजमालकाचे काम होते, तरी नाव आतेभावाचे असेपर्यंत जबाबदारीही त्याचीच होती. या मुद्द्याकडे मी पुढे येतोच.

सुटे भाग विकण्याचा मार्ग कागदावर सर्वांत आकर्षक दिसतो. माझ्या गाडीचे हेड सोडले तर गिअरबॉक्स उत्तम होता, टर्बो चालू होता, इंजेक्टर आणि डिझेलचा उच्च दाबाचा पंप ठीक होता. एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, सेल्फ, दोन्ही हेडलाइट, चारही दरवाजे, सगळेच विकण्याजोगे. शिवाय त्या इंजिनला मागणी होती. फियाटच्या घरातून आलेले ते १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुती, टाटा आणि शेवरोले यांच्याही गाड्यांत बसवलेले होते, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे नवे मानक लागू होताना मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, तरी रस्त्यावर ती इंजिने खूप आहेत. सुट्या भागांचे मोल असे ठरते : किती गाड्यांना ते बसतात आणि त्या गाड्या अजून चालू आहेत का. शेवरोलेची विक्री भारतात २०१७ अखेर थांबली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. अशा गाड्यांचे काही भाग दुर्मिळ म्हणून महाग जातात, पण घेणारा भेटेपर्यंत वाट पाहण्याची तयारी लागते. माझ्या वडिलांच्या काळी ही अडचण नव्हती. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यालाच बनत होती, बहुतेक टॅक्स्या त्याच, आणि तिचा कुठलाही भाग कुठल्याही नाक्यावर मिळे.

भागांची बेरीज मी केली तेव्हा ती एक लाखाच्या वर गेली, म्हणजे आहे तशा विक्रीपेक्षा बरीच जास्त. मग मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांच्या दुकानांतून चौकशी केली आणि बेरजेचा भरवसा संपला. दुकानदार ज्या भावाने गिऱ्हाईकाला देतो, तो भाव मी धरला होता. तो माझ्याकडून ज्या भावाने घेईल, तो त्याच्या निम्म्याहून खाली होता, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. त्याच्या फळीवर तो भाग वर्षभर पडून राहू शकतो, बिघडलेला निघाला तर गिऱ्हाईक परत घेऊन येते, आणि भाडे रस्त्याला लागून असलेल्या गाळ्याचे आहे. दुसरी अडचण आणखी मोठी. पहिल्या आठवड्यात ज्याला मागणी आहे ते निघून जाते, आणि मग जे उरते ते कोणाला नको असते : पत्र्याचा सांगाडा, डॅशबोर्ड, काचा, सीट. हा सांगाडा सोसायटीच्या पार्किंगमध्ये विटांवर उभा राहणार, चाकेच नसल्यामुळे तो ढकलताही येणार नाही, आणि मोडीत देताना भाव आणखी खाली येणार, कारण आतले मोलाचे भाग आधीच गेलेले. घरी हा बेत सांगितला तेव्हा पत्नी एवढेच म्हणाली, ‘अहो, गिअरबॉक्स कुठे ठेवणार, बाल्कनीत?’ 

तांत्रिक बारकावेही आहेत. इंजिनची संगणकीय पेटी, म्हणजे ईसीएम, किल्लीशी जोडलेली असते, त्यामुळे ती एकटी विकली तर घेणाऱ्याला तिचा लगेच उपयोग होत नाही. एअरबॅग जुन्या बाजारात विकू नये आणि घेऊ तर मुळीच नये. ती आयत्या वेळी उघडेल याची हमी कोण देणार? जुने ऑइल गटारात ओतता येत नाही, एसीचा गॅस हवेत सोडणे योग्य नाही. बॅटरी तेवढी सोपी, कारण शिशापायी प्रत्येक बॅटरीवाला ती आनंदाने घेतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांसारखे मौल्यवान धातू असतात, आणि काही वर्षांपूर्वी मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जात होते ते याचसाठी. पण तो सुटा विकायला गेलात, तर आपणच चोर नाही हे पटवून देण्याची वेळ येते. हा मार्ग ज्याचे पनवेलच्या पलीकडे आवार आहे, हाताला पान्याची सवय आहे किंवा ज्याच्याकडे त्याच मॉडेलची दुसरी गाडी आहे, त्याला उत्तम. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला नाही.

जागेचा हा मुद्दा नुसत्या सुट्या भागांपुरता नाही. उभी गाडी रोज थोडी स्वस्त होत जाते. बॅटरी उतरते, टायर एका बाजूला चपटतात, ब्रेकच्या डिस्क गंजतात, डिझेल जुने होते, आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. आमच्या इमारतीत हे दरवर्षी एखाद्या गाडीचे होतेच. सोसायटीत पार्किंग चिठ्ठ्या टाकून मिळत असेल, तर बंद गाडीने अडवलेली जागा हा सभेतला विषय होतो आणि तो योग्यही असतो. रस्त्यावर ठेवली, तर पालिका नोटीस चिकटवून बेवारस म्हणून उचलून नेते, आणि तोवर काच फुटलेली, चाक गेलेले असते. ‘सध्या राहू दे, पावसाळ्यानंतर बघू’ हाही एक निर्णयच आहे आणि चारही मार्गांपेक्षा तो महाग पडतो. गॅरेजवालाही फार दिवस गाडी ठेवू देत नाही. त्याची जागा तर आपल्याहून महाग.

आता नावाविषयी. मी ज्यांना ज्यांना बंद गाडीविषयी विचारले, त्यांतल्या निम्म्या खरेदीदारांनी एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सांगितले : पैसे रोख घ्या, आरसी द्या, बाकी आम्ही बघतो. हे वाक्य ऐकले की उठावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने त्याच राज्यातल्या विक्रीची सूचना चौदा दिवसांच्या आत द्यायची असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. हे झाले नाही तर काय होते, ते सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट केले. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ अनेकांच्या हातांतून गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावरच ठेवली. सत्तर हजारांना विकलेल्या गाडीपायी कित्येक लाखांची भरपाई अंगावर येऊ शकते, हे लक्षात घेतले की पाच-दहा हजार जास्त देणाऱ्यापेक्षा नाव आधी उतरवून देणारा खरेदीदार बरा वाटू लागतो.

मोडक्या गाडीच्या बाबतीत धोका आणखी एका कारणाने वाढतो. जी गाडी कधीच चालणार नाही, तिची आरसी कोणाला कशाला हवी असते? चोरीच्या त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या गाडीवर मोडक्या गाडीचा चॅसिस क्रमांक चढवून ती कागदोपत्री स्वच्छ करण्याचा धंदा जुना आहे. सांगाडा तोडला गेला, पण कागद जिवंत राहिले, तर गाडी तुमच्या नावाने कुठेतरी धावत असते. म्हणूनच गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करावी, अशी तरतूद कलम ५५ मध्ये आहे. भाग काढून विकणाऱ्यांपैकी फार थोडे ही पायरी पुरी करतात. ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, आपले जे आरटीओ असेल तिथली नोंद रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय गाडी ‘गेली’ असे समजू नये.

व्यापाऱ्याला विकण्यात एक सोय अलीकडे झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार, प्राधिकृत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला गाडी सुपूर्द केल्याची नोंद पोर्टलवर झाली की पुढचा मालक मिळेपर्यंत तो विक्रेताच मानीव, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने, मालक धरला जातो. तुमच्यासमोरचा विक्रेता प्राधिकृत आहे का, हे विचारायला संकोच कशाला? गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ देऊन बोजा उतरवावा लागतो, ई-चलने भरावी लागतात, आणि फास्टॅग बंद करायला लोक हमखास विसरतात.

सरकारमान्य मोडतोड केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये निघाले. तिथे गाडी दिली की केंद्र जमा प्रमाणपत्र देते, मोडून झाल्यावर त्याचाही दाखला मिळतो आणि नोंदणी रीतसर रद्द होते. भंगाराचे मूल्य नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के असावे, असा धोरणाचा अंदाज होता. सहा लाखांच्या गाडीला ते चोवीस ते छत्तीस हजार होतात. जमा प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेतली तर तिची नोंदणी फी माफ होते, खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा राज्यांना आहे, आणि कंपन्यांनी पाच टक्के सवलत द्यावी असे केंद्राने त्यांना सुचवले आहे. नवी गाडी घ्यायचीच असेल तर हा मार्ग दिसतो त्यापेक्षा खूपच चांगला आहे, कारण भंगाराच्या पंचवीस-तीस हजारांत करातली बचत मिळवली की आकडा बंद गाडीच्या बाजारभावाजवळ जातो, आणि नावाचा प्रश्न मुळापासून सुटतो. नवी गाडी घ्यायची नसेल, तर मात्र रस्त्यावरचा भंगारवाला वजनावर तेवढेच किंवा थोडे अधिक देतो आणि लोक त्याच्याकडे वळतात. मी तरी फरक पाच हजारांचा असेल तर केंद्राकडेच जाईन.

वयाचा विचारही इथेच करावा. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांचा जो नियम गाजला, तो दिल्ली परिसरातला. मुंबईत खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. पण एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली आहे, वीस वर्षांवरच्या गाडीला ती ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार केली गेली, आणि त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. बारा-तेरा वर्षांच्या गाडीचा खरेदीदार हे सारे मनात धरूनच भाव सांगतो.

माझ्या गाडीचे हेड फेस करून, नवे गॅस्केट, नवे हेड बोल्ट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि कूलंटचे सगळे रबरी पाइप घालून काम सत्तर हजारांच्या थोडे वर गेले. पाइप सगळे बदलले, कारण एक तडकला तर बाकीचेही त्याच वयाचे. गाडी ठेवली आहे, कारण ती मला वापरायची आहे आणि सिलिंडर स्वच्छ निघाले; यांतली एक गोष्ट नसती तर मी सत्तर हजार घेऊन, आरटीओतले काम पुरे करून मोकळा झालो असतो. आरसीची मुदत २०२८ मध्ये संपेल. त्याआधी टर्बो किंवा गिअरबॉक्स गेला, तर तीस हजारांच्या वरचे काम काढायचे नाही आणि गाडी थेट मोडतोड केंद्रात द्यायची, हे आम्ही घरात आत्ताच ठरवून ठेवले आहे. त्या वेळी विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचा दाखला तेवढा मागून घ्यायचा आहे. तो बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, कमाल पन्नास टक्क्यांपर्यंत जातो आणि दाखला तीन वर्षे चालतो, त्यामुळे पुढची गाडी लगेच घेतली नाही तरी तो वाया जात नाही.